जलपरीक्षा आणि विद्युत्-रासायनिक संवेदक

चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाचे विवेचन करताना वायू, उदक, देश व काल या चार भावांच्या विकृतीचे वर्णन आले आहे. दूषित जलाची लक्षणे तेथे गंध, वर्ण, रस व स्पर्श यांवरून सांगितली आहेत; जलचर आणि पक्षी असे जलाशय सोडून जातात, हेही नमूद आहे. ही परीक्षा आजही उपयुक्त आहे. परंतु सांडपाण्यात विरघळलेले औषध पुष्कळदा तिच्या कक्षेत येत नाही. पाणी स्वच्छ दिसते, वास येत नाही, तरीही त्यात प्रतिजैविक असू शकते.

हैदराबादनजीकच्या पाटणचेरू येथील उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. सुमारे ९० औषध-उत्पादकांचे सांडपाणी स्वीकारणाऱ्या तेथील शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिनचे प्रमाण लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळल्याचे स्वीडिश संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केले. उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातील प्रमाणाहूनही हे अधिक होते. अशा पाण्यात प्रतिजैविकांना न जुमानणारे जीवाणू पोसले जातात, आणि अखेर ते आपल्याच रुग्णांपर्यंत पोहोचतात.

असे मापन मोठ्या प्रयोगशाळेतील महागड्या यंत्रांनी होते. ते जागेवरच व अल्प खर्चात व्हावे, यासाठी विद्युत्-रासायनिक संवेदकांवर संशोधन चालू आहे.

कार्यपद्धती

आपल्या चिकित्सालयातील ग्लुकोमीटर हा याच जातीचा संवेदक होय. पट्टीवरील विकर रक्तातील शर्करेशी क्रिया करते आणि त्यातून उत्पन्न होणारा सूक्ष्म विद्युत्प्रवाह यंत्र मोजते. औषधांसाठीच्या संवेदकात सामान्यतः तीन इलेक्ट्रोड असतात. त्यांपैकी एकावरील विद्युत्दाब क्रमाक्रमाने वाढवत नेतात. पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक यांसारखी द्रव्ये आपापल्या विशिष्ट दाबाला इलेक्ट्रॉन सोडतात व आलेखावर शिखर उमटते. शिखराच्या स्थानावरून द्रव्याचा अंदाज येतो, तर उंचीवरून प्रमाण कळते. इलेक्ट्रोडवर ग्राफीन किंवा कार्बन नॅनोट्यूबचा थर दिल्यास अत्यल्प मात्राही टिपता येते. काही संवेदकांत औषधाच्या रेणूभोवती बहुवारिकाचा साचा घडवून नंतर तो रेणू काढून घेतात. त्या रिकाम्या जागेत मुख्यत्वे तोच रेणू पुन्हा बसतो.

मर्यादा

सांडपाणी हे अनेक द्रव्यांचे मिश्रण असते. यूरिक आम्लासारखी द्रव्ये जवळच्याच दाबाला प्रवाह देऊन घोटाळा करतात. प्रथिने व साबण इलेक्ट्रोडवर बसून त्याची संवेदनशीलता घटवतात. शिवाय ज्या द्रव्यासाठी संवेदक सिद्ध केला, तेच तो प्रामुख्याने ओळखतो. म्हणून याला प्राथमिक चाळणी समजावे. अंतिम निर्णय प्रयोगशाळेचाच.

आपले उत्तरदायित्व

हा केवळ आधुनिक औषधांचा प्रश्न आहे, असे मानणे आम्हास उचित वाटत नाही. रसौषधी निर्माण करणाऱ्या रसशाळेच्या सांडपाण्यात शिसे वा पारद जात नाही ना, हे पाहणे आपलेच कर्तव्य आहे. स्ट्रिपिंग व्होल्टॅमेट्री या पद्धतीत धातू प्रथम इलेक्ट्रोडवर साठवून मग परत विरघळवतात व त्या वेळचा प्रवाह मोजतात; तिने हे धातू सूक्ष्म प्रमाणातही मापता येतात.

व्यवसायाच्या आरंभीच्या काळात मुदत संपलेली औषधे आम्हीही मोरीत ओतली आहेत, हे येथे मान्य केले पाहिजे. जैववैद्यकीय कचरा नियम, २०१६ नुसार अशी औषधे पिवळ्या वर्गात मोडतात, आणि हे नियम आयुष रुग्णालयांनाही लागू आहेत. औषधालयचालकांनी मुदतबाह्य साठा वेगळा ठेवून वितरकामार्फत उत्पादकाकडे परत पाठवावा. चिकित्सकांनी तो अधिकृत संकलन केंद्राकडे सोपवावा.

संवेदक उद्या आपल्या हाती येतील. मोरीत औषध न ओतणे मात्र आजच आपल्या हाती आहे.