गाडीचे तेल आणि गावाचे पाणी

जयपूर शहर पुरते जागे होण्यापूर्वीच त्याच्या रस्त्यांवर लहान मालमोटारी धावू लागलेल्या असतात. कोणी मुहाना मंडीतून भाजीपाला आणतो, कोणी सांगानेरचे छापील कापड दुकानांत पोचवितो, तर कोणी मकराण्याचा संगमरवर मूर्तिकारांच्या दारी उतरवितो. ‘पिकअप’ या नावाने ओळखली जाणारी ही डिझेलवर चालणारी गाडी मराठी वाचकांना परकी नाही. पुण्याच्या कारखान्यातील ‘टाटामोबाइल’ ही अशा प्रकारची गाडी १९८८ साली बाजारात आली. आणि मुंबई-पुण्याकडून दिल्लीस जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ हा जयपूरवरूनच जातो.

अशी गाडी पुष्कळदा एखाद्या कुटुंबाचे सारे भांडवल असते. ती एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाची कमाई बुडते; कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणूनच इंजिनातील तेल वेळच्या वेळी बदलणे, आणि जमेल त्याने ते स्वतः बदलावयास शिकणे, ही गोष्ट हिताची आहे. मात्र नवे तेल इंजिनात घातले म्हणजे काम संपले असे नाही. जुने तेल कोठे गेले, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे.

तेल काळे का पडते?

जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली आउग्सबुर्ग येथे यशस्वी करून दाखविलेल्या इंजिनात इंधन पेटविण्यासाठी ठिणगी लागत नाही. हवा जोराने दाबली जाऊन इतकी तापते, की तीत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. या ज्वलनात काजळी निर्माण होते व तिचा काही अंश तेलात उतरतो. तेलाचे काम केवळ घर्षण कमी करण्याचे नाही. ते उष्णता वाहून नेते, गंज टाळते आणि काजळीचे कण स्वतःत तरंगत ठेवून धातूचे भाग स्वच्छ राखते. त्यामुळे डिझेल इंजिनातील नवे तेल थोड्याच दिवसांत काळे दिसू लागले तर घाबरण्याचे कारण नाही. ते आपले काम करीत आहे, इतकाच त्याचा अर्थ. परंतु या कामासाठी तेलात मिसळलेली द्रव्ये हळूहळू संपतात, आणि मग काजळीचा गाळ साचू लागतो.

जयपुरात उन्हाळ्यामध्ये पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि ‘आँधी’ सुटली म्हणजे बारीक वाळू सर्वत्र शिरते. धूळ, अवजड ओझे, थोड्या थोड्या अंतराच्या फेऱ्या आणि गर्दीत इंजिन चालू ठेवून उभे राहणे, या चारही गोष्टी तेलाचे आयुष्य कमी करतात. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत अशा खडतर वापरासाठी जी वेगळी मुदत दिलेली असते, तीच पाळावी. हवेची जाळीही त्याच वेळी तपासावी. कारण धूळ इंजिनात शिरते ती मुख्यतः हवेच्या वाटेने.

तेलाची निवड

डब्यावरील ‘१५डब्ल्यू-४०’ यासारख्या आकड्यांपैकी पहिला आकडा थंडीतील प्रवाहीपणा दर्शवितो, तर दुसरा इंजिन तापलेले असतानाचा दाटपणा. तेलाची जात ‘सीआय-४’, ‘सीके-४’ अशा अक्षरांनी दाखविलेली असते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ या मानकानुसार बनलेल्या अनेक डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी असते. तिच्यासाठी कमी राख सोडणारे तेल लागते. चुकीचे तेल घातल्यास ही महागडी गाळणी तुंबते. तेव्हा शेजाऱ्याच्या सल्ल्यापेक्षा पुस्तिकेवर विश्वास ठेवावा. गाडी वॉरंटीच्या मुदतीत असल्यास तिच्या अटी आधी वाचाव्यात आणि तेलाची व फिल्टरची पावती जपून ठेवावी.

प्रत्यक्ष कृती

गाडी सपाट, पक्क्या जागी उभी करावी, हातब्रेक ओढावा व चाकांच्या पुढे-मागे लाकडाचे ठोकळे लावावेत. इंजिन काही मिनिटे चालवून बंद करावे. तेल कोमट असावे, उकळते नसावे. गाडी उचलावी लागलीच, तर केवळ जॅकच्या भरवशावर तिच्याखाली कधीही शिरू नये. भक्कम लोखंडी आधार द्यावा. मुलांनी पाहावयाचे ते दुरूनच.

तेल भरण्याचे झाकण उघडून, चेंबरखाली रुंद घमेले ठेवावे आणि योग्य मापाच्या रिंग पान्याने खालचा नट सैल करावा. अशा इंजिनातून साधारणपणे पाच ते सात लिटर तेल निघते, तेव्हा घमेले तेवढे मोठे हवे. तेलाची धार थांबून थेंब पडू लागेपर्यंत धीर धरावा. मग नटाला नवा वॉशर घालून तो बसवावा. गळती नको म्हणून अवाजवी जोर लावल्यास आटे जातात आणि दहा-वीस रुपयांच्या वॉशरऐवजी चेंबरचा खर्च अंगावर येतो.

त्यानंतर फिल्टर. जुना फिल्टर काढल्यावर त्याची रबरी कडी इंजिनालाच चिकटून राहिली नाही ना, हे पाहावे. एकावर दुसरी कडी बसली तर इंजिन सुरू होताच तेल बाहेर फेकले जाते. नव्या कडीला स्वच्छ तेलाचे बोट लावून फिल्टर हाताने, त्यावर छापलेल्या सूचनेप्रमाणे आवळावा. मग मापाने तेल भरावे. इंजिन सुरू केल्यावर तेलदाबाचा दिवा विझेपर्यंत ॲक्सिलरेटरला पाय लावू नये. इंजिन बंद करून, काही मिनिटांनी पट्टी पुसून पाहावी; तेल दोन खुणांच्या मध्ये असावे. जादा तेल हेही कमी तेलाइतकेच घातक आहे.

घमेल्यात उरलेला प्रश्न

आता घमेल्यात पाच-सात लिटर काळे तेल उरले. ते नालीत ओतणे, अंगणातील धूळ बसावी म्हणून शिंपडणे, वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासणे किंवा चुलीत जाळणे, या सवयी आपल्याकडे सर्वत्र आढळतात. या तेलात काजळी, झिजलेल्या धातूंचे कण आणि ज्वलनातून आलेली विषारी द्रव्ये असतात. त्वचेशी त्याचा वारंवार संपर्क आल्यास कर्करोगाचाही धोका संभवतो. म्हणून हातमोजे घालावेत आणि हात साबणाने धुवावेत.

पाण्याच्या बाबतीत तर जयपूरला बेपर्वाई परवडणारीच नाही. ज्या रामगढ जलाशयावर १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकाशर्यती झाल्या, तो पुढे कोरडा पडला. आज शहराची तहान मुख्यतः शंभराहून अधिक किलोमीटरवरील बनास नदीच्या बिसलपूर धरणावर आणि विहिरी-कूपनलिकांवर भागते. इतक्या दुरून आणलेले वा इतक्या खोलातून उपसलेले पाणी आपणच ओतलेल्या तेलाने नासावे, यासारखी उधळपट्टी नाही. आणि ही गोष्ट मराठवाड्यातील किंवा माणदेशातील वाचकाला निराळी समजावून सांगावयास नको.

वास्तविक हे तेल टाकाऊ नाहीच. तेल मळते, संपत नाही. पाणी व गाळ काढून, ऊर्ध्वपातन करून आणि शुद्ध करून त्यापासून पुन्हा वंगणाचे मूळ तेल बनविता येते. घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. आणि २०२३ साली त्यांत झालेल्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी तेल-उत्पादकांवरही आली आहे. मात्र हे तेल तेथवर पोचावयास सुरुवात आपल्या घमेल्यापासूनच झाली पाहिजे.

त्यासाठी थंड झालेले तेल झाकणाच्या डब्यात गाळून ठेवावे. त्यात पाणी, डिझेल किंवा कूलंट मिसळू देऊ नये. मिसळ झाल्यास शुद्धीकरण अवघड होते. फिल्टर उलटा ठेवून निथळू द्यावा. डबा अधिकृत सेवा केंद्रात किंवा नोंदणीकृत संकलकाकडे द्यावा आणि ते तेल पुढे कोठे जाते, हे निःसंकोच विचारावे. नव्या तेलाचा रिकामा डबा भंगारात देण्यापूर्वी त्याला भोक पाडावे, म्हणजे त्यात बनावट तेल भरून ते दुसऱ्या एखाद्या गाडीवाल्याच्या माथी मारता येणार नाही.

घरात गाडीसाठी एक वही असावी. तारीख, किलोमीटरचा आकडा, तेलाची जात आणि खर्च यांची नोंद घरातील शाळकरी मुलगा किंवा मुलगीही करू शकेल. त्याच ओळीत आणखी एक रकाना आखावा : जुने तेल कोणास दिले. तो रकाना भरल्याखेरीज तेल बदलण्याचे काम पुरे झाले असे समजू नये.