विस्तारित अचूकतेच्या मर्यादा आणि कंपायलरची परीक्षा

संगणकात वास्तव संख्या मोजक्या बिटांतच साठविता येते; म्हणून फ्लोटिंग पॉइंट गणिताचे उत्तर बहुधा आसन्न मूल्य असते. सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणकानुसार प्रत्येक संख्याप्रकाराच्या मर्यादा कंपायलरने जाहीर कराव्या लागतात. परंतु जाहीर मर्यादा प्रत्यक्ष गणितात पाळली जाते किंवा नाही, हा स्वतंत्र परीक्षेचा विषय होय.

इंटेलच्या ८०८७ या १९८० सालच्या गणितप्रक्रियकात ८० बिटांचे विस्तारित रूप योजिलेले होते : चिन्हाला १, घातांकाला १५ व सार्थ अंकांना ६४ बिट. नेहमीच्या ‘डबल’ प्रकाराची अचूकता मात्र ५३ बिटांची असते.

ही अचूकता मोजण्याची रीत मायकेल माल्कम यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केली. द्विमान पद्धतीपुरता तिचा आशय असा : ‘अ’ ही संख्या १ पासून दुप्पट करीत जावी व (अ + १) − अ याचे उत्तर १ येईनासे झाले म्हणजे थांबावे. जितक्या वेळा दुप्पट केली, तितके सार्थ बिट. डबलसाठी हे उत्तर ५३ यावयास हवे, विस्तारित रूपासाठी ६४.

खरी अडचण येथेच उद्भवते. डबलची चाचणी चालू असता कंपायलरने मधले मूल्य स्मृतीत न लिहिता ८० बिटांच्या रजिस्टरातच राखले, तर उत्तर ६४ येते. मग परीक्षा यंत्राची झाली, संख्याप्रकाराची नव्हे. याउलट, पदे आधीच ज्ञात असल्यास कंपायलर ते गणित भाषांतराच्या वेळीच उरकून टाकतो. तेव्हा परीक्षा होते ती त्याच्या स्वतःच्या अंकगणिताची. म्हणून चल ‘व्होलाटाइल’ घोषित करून प्रत्येक मूल्य स्मृतीत लिहावयास लावणे अगत्याचे ठरते.

तथापि एवढ्यानेही भागत नाही. १ मध्ये (२⁻⁵³ + २⁻⁶⁵) मिळविले असता डबलमधील योग्य उत्तर १ + २⁻⁵² हे होय. पण बेरीज आधी ६४ बिटांत आसन्न केली, तर २⁻⁶⁵ गळते; उरलेले मूल्य दोन डबल संख्यांच्या बरोबर मध्यावर पडते आणि समअंकी नियमाने १ होते. स्मृतीत लिहिण्यापूर्वीच ही हानी झालेली असते.

‘लाँग डबल’ या नावानेही निश्चिंत होता येत नाही. इंटेल-धर्तीच्या यंत्रांवर जीसीसी त्यासाठी सामान्यतः ८० बिटांचे रूप वापरतो. मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल सी++ त्याला ६४ बिटांच्या डबलसारखेच रूप देतो. सारांश, अठराव्या दशमान अंकावर विसंबणाऱ्या संशोधकाने ही परीक्षा प्रत्येक कंपायलरवर, आणि त्याच्या प्रत्येक इष्टतमीकरण-पातळीवर, नव्याने घेणे आवश्यक आहे.