अठराव्या शतकातली ‘स्टेज’ कशी बेतायची? आणि ती घालून खरंच श्वास कोंडायचा का?

‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’चा 2003 साली आलेला पहिला भाग आठवतोय? घट्ट आवळलेल्या कॉर्सेटमुळे एलिझाबेथ स्वानला श्वास घेता येत नाही आणि ती थेट समुद्रात पडते. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये या कपड्याला ‘स्टेज’ म्हणायचे. तो घालून दिवसभर कष्टाची कामं करणाऱ्या बायकाही होत्या. मग त्यांना ते कसं जमायचं? उत्तर बेतण्यात आहे.

हा नेमका काय प्रकार?

आतल्या लिननच्या झग्यावर घालायची ही ताठ चोळी. कापडाच्या थरांत शिलाई मारून अरुंद कप्पे करायचे आणि त्यात ‘व्हेलबोन’च्या पट्ट्या सरकवायच्या. नावात हाड असलं, तरी हे हाड नाही. काही व्हेलच्या तोंडात दातांऐवजी अशा पट्ट्या असतात. त्या आपल्या नखांसारख्या केराटिनच्या, म्हणून लवचिक.

डमरूसारखी कंबर ही पुढच्या शतकातली फॅशन. स्टेजमध्ये धडाला शंकूचा आकार द्यायचा असतो.

माप कसं काढायचं?

समजा छाती 36 इंच आणि कंबर 28. पाठीवर नाडी आवळायला 2 इंचांची फट हवी, म्हणजे उरले 34 आणि 26. कागदावर अर्धाच भाग काढतात, म्हणून 17 आणि 13. हा 4 इंचांचा फरक ब्लाऊजसारखे टक्स घालून नाही, तर तुकड्यांच्या तिरक्या शिलाईत जिरवायचा.

कंबरेखाली कापडाला उभे काप द्यायचे. घातल्यावर ते पाकळ्यांसारखे उघडतात आणि त्यांच्यावर घागरा बसतो. त्यामुळे घागऱ्याची नाडी कंबरेला काचत नाही.

महागाच्या कापडाला लगेच कात्री नको

आधी मांजरपाटाचा कच्चा नमुना शिवून बघायचा. हात वर करायचे, खाली बसायचं. काखेत कापड उंच राहिलं तर दंडाला टोचतं. समोरचं टोक लांब झालं तर बसताना पोटात रुततं.

मग श्वासाचं काय?

गरजेपेक्षा जास्त आवळणाऱ्याही होत्या. जर्मन शरीरशास्त्रज्ञ सोमरिंग यांनी 1788 मध्ये स्टेजच्या दुष्परिणामांवर निबंधच लिहिला होता. पण अंगाच्या मापाने बेतलेली आणि बेताने आवळलेली स्टेज पाठीला आधार द्यायची.

हे कसबी काम बहुतेक पुरुष कारागीर करायचे. ‘कॉमन सेन्स’ लिहून अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्याला बळ देणारा थॉमस पेन तरुणपणी वडिलांकडे हेच शिकला होता.