जत्रेतील आकाशपाळणा

मार्गशीर्ष सरत आला म्हणजे नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातील माळेगावी खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट व गाढवे यांच्या बाजाराकरिता ती दूरवर प्रसिद्ध आहे. परंतु घरातील मुलांना विचारल्यास यात्रा म्हणजे आकाशपाळणा, असेच उत्तर मिळेल. महाशिवरात्रीस लातुरात सिद्धेश्वराची यात्रा भरते, तेथेही हाच प्रकार. देवदर्शन उरकते न उरकते तोच मूल वडिलांचे बोट ओढू लागते. वडील मान वर करून पाळण्याची उंची पाहतात आणि त्यांच्या मनात शंका येते. ही शंका रास्त आहे. मात्र तिचे समाधान मान वर करून होणारे नाही.

उंचीचे भय आपण फार बाळगतो. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिस या अभियंत्याने २६४ फूट उंचीचे चक्र उभारले. त्यास ३६ डबे होते व दोन हजारांहून अधिक माणसे एका वेळी त्यात बसू शकत. १९०६ साली ते मोडीत निघाले, तोवर त्याची जागा केवळ दोनदा बदलली होती. आपल्या यात्रेतील पाळणा त्याच्या मानाने अगदी ठेंगणा. पण तो फिरस्ता आहे. एक यात्रा आटोपली की त्याचे सांधे सुटे होतात, मालमोटारीवर चढतात आणि दुसऱ्या गावी पुन्हा जुळविले जातात. भीती बाळगावयाची ती या पुनःपुन्हा उघडणाऱ्या सांध्यांची.

वेगाचेही तसेच. ६५ फूट व्यासाचा पाळणा मिनिटास चार फेरे घेत असेल, तर तळाशी येताना बसणाऱ्याचे वजन अदमासे सहाव्या हिश्शाने वाढल्यासारखे होते व माथ्यावर तितकेच घटते. पोटात जो गोळा उठतो तो यामुळेच. शरीरास यापासून मुळीच अपाय नाही. परंतु हीच ओढ लोखंडासही बसते, आणि लोखंड ओरडत नाही. दिवसाकाठी हजार फेरे झाले म्हणजे प्रत्येक सांधा हजार वेळा ताणला जातो व हजार वेळा सैलावतो. तार एकाच जागी वाकवीत राहिल्यास ती अखेर तुटते, हे आपण लहानपणी करून पाहिलेलेच आहे. धातुशास्त्रात यास धातूचा थकवा म्हणतात. जोडकामाच्या कडेस किंवा बोल्टाच्या छिद्राशी केसाएवढी भेग पडते, गंज तिला साह्य करतो, वरून रंगाचा हात फिरला म्हणजे ती दिसतही नाही. (नवा कोरा रंग पाहून निश्चिंत होणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे.) १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादेत कांकरिया तलावाकाठी लोलकासारखा हेलकावणारा मोठा झोका चालू असता मोडून पडला, दोघांचा मृत्यू झाला व वीसहून अधिक जखमी झाले. तो तर एका जागी कायम उभारलेला होता. ४ सप्टेंबर २०२२ रोजी मोहालीच्या जत्रेत माणसांना उंच नेऊन खाली आणणारा झुला सावकाश उतरण्याऐवजी धाडकन जमिनीवर आदळला व अनेकांना दुखापती झाल्या.

आता जमिनीकडे वळू. आपल्या मराठवाड्यात बव्हंशी काळी माती. पाणी प्याली की ती फुगते, वाळली की आकसून भेगाळते. पाळण्याचे पाय कोरड्या मातीवर लाकडी ठोकळे घालून समपातळीत बसविले, आणि रात्री अवकाळी पाऊस झाला, तर सकाळी एक पाय खचलेला असू शकतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये याच भागात गारपिटीने केवढा हाहाकार केला ते आपणांस स्मरत असेल. महाशिवरात्रीच्या सुमाराचे आभाळ भरवशाचे नव्हे. पाया किंचित कलला तरी मधल्या कण्यावर तिरपा भार येतो. ओल्या जमिनीवरून जाणाऱ्या जनरेटरच्या तारांचा धोका तर निराळाच.

पाळणेवाला अनुभवी आहे किंवा कसे, हे माणसे बसविण्याच्या त्याच्या रीतीवरून कळते. जाणता मनुष्य प्रथम एका पाळण्यात माणसे बसवितो, मग चक्र अर्धे फिरवून समोरचा पाळणा भरतो, म्हणजे दोन्ही बाजू तोलून राहतात. एकीकडे सारी माणसे व दुसरीकडे रिकामे पाळणे अशी स्थिती झाल्यास चक्र आपल्याच भाराने फिरू पाहते. रांग पुढे सरकेना म्हणून त्याच्यावर ओरडणारे प्रेक्षक त्यास हे काम नीट करू देत नाहीत, हेही सांगितले पाहिजे.

यात्रेत असा पाळणा चालविण्यास सरकारी परवानगी लागते. पण परवानगीचा कागद ज्या दिवशी लिहिला त्या दिवसाचा असतो. खिळी तर रोज सैल होतात. म्हणून रोज सकाळी प्रत्येक खीळ व तिचा चाप हाताने चाचपणे, वाळूची पोती घालून पाळणा रिकामा फिरवून पाहणे, वारा सुटताच तो थांबविणे, ही कामे चालकानेच करावयाची. तिकीट घेताना 'आज सकाळी पाळणा तपासला काय?' असे विचारण्यास आपण संकोचतो. वास्तविक संकोचाचे कारण नाही. उत्तर देताना तो मनुष्य ज्या खिळीकडे बोट दाखवील, तिच्याकडे आपणही एकवार पाहावे. तिला चापाऐवजी तारेचा तुकडा गुंडाळलेला असेल, तर मुलास रेवड्या घेऊन द्याव्या व पुढे चालावे.