डुकराबरोबर ऊसुद्धा वाचली!

नामशेष होत चाललेला प्राणी पुन्हा रानात सोडला, की बातमीत एकच फोटो येतो: पिंजऱ्याचं दार उघडलंय आणि प्राणी धूम ठोकतोय. पण खरी मजा त्या दाराच्या आधीची. कुठे गवताची उंची मोजावी लागते, कुठे मुंग्यांची मर्जी राखावी लागते, तर कुठे वाघिणीचं मूत्र आणून जंगलात शिंपडावं लागतं!

वीतभर उंचीचं रानडुक्कर

आसामचं पिग्मी हॉग हे जगातलं सगळ्यात छोटं रानडुक्कर. खांद्यापर्यंतची उंची जेमतेम 25 सेंटिमीटर, वजन फार तर आठ-नऊ किलो. ते संपलं अशीच समजूत झाली होती. 1971 मध्ये गवताला लागलेल्या आगीतून पळालेली काही डुकरं चहाच्या मळ्यात शिरली, तेव्हा कुठे कळलं की मंडळी अजून आहेत.

याच्या झोपेचा थाट बघण्यासारखा असतो. नाकाडाने आणि खुरांनी उथळ खळगा उकरायचा, त्यात गवत अंथरायचं, वर गवताचंच छप्पर घालायचं आणि सगळ्या कुटुंबाने आत घुसून झोपायचं. पिल्लांच्या दिवसांपुरतंच नव्हे, बारा महिने! उंच गवत जाळलं, की त्याचं घर, अंथरूण आणि लपायची जागा तिन्ही एका दमात जातात.

म्हणून 1996 मध्ये मानसच्या जंगलातून सहा डुकरं पकडून गुवाहाटीजवळ बसिष्ठला त्यांची वीण सुरू केली. 2008 पासून त्यांची पुढची पिढी आसामातल्या गवताळ रानांत सोडली जातेय आणि आतापर्यंत दीडशेहून अधिक डुकरं मोकळी झाली आहेत. सोडण्याआधी त्यांना काही महिने उंच गवताच्या कुंपणात ठेवतात, माणसाचा वावर शक्य तितका कमी. माणसाची सवय लागलेलं डुक्कर रानात टिकणार कसं?

आता माझा सगळ्यात आवडता तपशील. या डुकराच्या अंगावर एक ऊ असते. ती दुसऱ्या कुठल्याही प्राण्यावर जगत नाही. त्यामुळे डुक्कर धोक्यात आलं आणि ऊसुद्धा अतिसंकटग्रस्तांच्या यादीत जाऊन बसली. एका डुकरामागे दोन जाती वाचवल्या जातायत, आणि त्यातल्या दुसरीचं नावही कुणी घेत नाही.

कुंपण घातलं, फुलपाखरू गेलं

इंग्लंडमधलं लार्ज ब्लू नावाचं निळं फुलपाखरू म्हणजे संवर्धकांच्या बुद्धीची परीक्षाच. याची अळी पहिले काही आठवडे रानटी थाईमची फुलं खाते, मग जमिनीवर टपकते आणि अंगातून गोड थेंब पाझरवते. लाल मुंगी येते, थेंब चाटते, आपलंच हरवलेलं पिल्लू समजून अळीला उचलून वारुळात नेते. आत गेल्यावर अळी काय करते? मुंग्यांचीच पिल्लं खाते! जवळजवळ दहा महिने हा पाहुणचार चालतो. वर ती राणी मुंगीसारखा आवाजही काढते, त्यामुळे मुंग्या तिची बडदास्त ठेवतात.

फुलपाखरू कमी होऊ लागलं तेव्हा खापर फुटलं ते फुलपाखरं पकडून संग्रह करणाऱ्यांवर. त्यांना रोखायला एके ठिकाणी कुंपणही घातलं. संग्राहक थांबले, पण चरणारी जनावरंही थांबली. 1950 च्या दशकात सशांमध्ये रोगाची साथ आली आणि गवत कुरतडणारे तेही मेले. गवत वाढलं, जमिनीवर सावली पडली, माती गार झाली. जेरेमी थॉमस या शास्त्रज्ञाने कुरणात ठाण मांडून शोधून काढलं, की अळी नीट जगते ती लाल मुंगीच्या एका ठरावीक जातीकडेच, आणि त्या मुंगीला लागते ऊन खाल्लेली माती. गवत दोन-तीन सेंटिमीटरनी वाढलं तरी ती मुंगी हटते. हे उमगेपर्यंत उशीर झाला होता. 1979 मध्ये ब्रिटनमधलं फुलपाखरू संपलं.

मग काय केलं? आधी गुरं चरायला सोडली, गवत आखूड केलं, मुंग्या परत येऊ दिल्या. त्यानंतर 1983 पासून स्वीडनमधून फुलपाखरू आणलं. ते रुजलं! मला यातला क्रम फार महत्त्वाचा वाटतो: आधी गाय, मग मुंगी, मग फुलपाखरू.

सासरी न रमलेला वाघ

मध्य प्रदेशातल्या पन्नामध्ये 2009 साली एकही वाघ उरला नव्हता. बाहेरून दोन वाघिणी आणल्या, मग पेंचहून टी-3 हा नर आणला. पठ्ठ्या थोड्याच दिवसांत बाहेर पडला आणि सरळ पेंचच्या दिशेने चालू लागला. वनखात्याची माणसं हत्ती घेऊन महिनाभर त्याच्या मागे! चारशेहून अधिक किलोमीटरची पायपीट झाल्यावर त्याला बेशुद्ध करून परत आणलं. या खेपेला वाघिणीचं मूत्र जंगलात शिंपडलं, म्हणजे इथे कुणीतरी आहे हे त्याला कळावं. कळलं! एप्रिल 2010 मध्ये पहिले बछडे जन्मले आणि आज पन्नात पन्नासच्या वर वाघ आहेत.

आकाशातून बीव्हर

1948 मध्ये अमेरिकेतल्या आयडाहो राज्याने धरणं बांधणारे 76 बीव्हर प्राणी लाकडी पेट्यांत बसवून विमानातून पॅराशूटने दुर्गम रानात उतरवले. पेटी जमिनीला टेकली की आपोआप उघडायची. चाचणीसाठी जेरोनिमो नावाच्या एका बीव्हरला इतक्या वेळा खाली टाकलं, की शेवटी माणसं जवळ आली की तो स्वतःच पेटीत जाऊन बसू लागला. त्याच्या सोशिकपणाचं बक्षीस म्हणून पहिल्याच खऱ्या फेरीत त्याला तीन माद्यांसह पाठवलं.

बीव्हर उतरला की धरणं बांधतो, पाणी अडतं, दलदल जिवंत होते. चेक प्रजासत्ताकात एका ओढ्यावर बंधारे घालायचं सरकारी काम परवानग्यांपायी सात वर्षं रखडलं होतं. तिथल्या बीव्हरांनी ते हव्या त्याच जागी फुकटात उरकलं, सुमारे तीन कोटी कोरुना वाचवले. ब्रिटनमध्ये हा प्राणी शिकारीने चारशे वर्षांपूर्वी संपला होता. 2009 पासून स्कॉटलंडमध्ये तो पुन्हा सोडला गेला.

आणि आपलं गिधाड

जानेवारी 2024 मध्ये हरियाणातल्या पिंजोरहून पांढऱ्या पाठीची दहा गिधाडं ताडोबात आली. पुढे ती मोकळी झाली, तेव्हा त्यातलं एक पार तामिळनाडूपर्यंत उडत गेलं. गिधाडाला एक अभयारण्य पुरत नाही, अख्खा देश लागतो. वर्षाला अंडं एकच, त्यामुळे गेलेलं गिधाड भरून यायला काळ लागतो.

मुळात गिधाडं नामशेष व्हायला आली ती डायक्लोफिनॅक या दुखण्यावरच्या औषधाने. औषध टोचलेलं जनावर मेलं, गिधाडाने ते खाल्लं, की त्याचं मूत्रपिंड निकामी व्हायचं. 2006 मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद झालं, पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचत राहिल्या. म्हणून 2015 मध्ये इंजेक्शनची कुपी 3 मिलिलिटरवर आणली. गाईला पुरेल एवढं औषध त्यात मावत नाही. मेलॉक्सिकॅम तेच काम करतं आणि गिधाडाला बाधत नाही. तुमच्या गोठ्यात गाय लंगडली, कास सुजली, तर डॉक्टरांना सांगा: दुखण्यावर मेलॉक्सिकॅमच द्या.