गोल्डफिश आणताय? आधी शेपटी पाहा
मुलांच्या हट्टाखातर आणलेली गोल्डफिश आठवड्याभरातच उलटी होऊन तरंगते आणि घरात रडारड होते. दोष तिचा नसतो, काचेच्या गोल भांड्याचा असतो. तिच्याच विष्ठेतून तयार होणारा अमोनिया तेवढ्याशा पाण्यात साठतो. म्हणून निदान 2 फुटी टाकी आणि फिल्टर घ्या, मासे मात्र दोनच. एकेरी शेपटीची सडपातळ कॉमेट स्वस्त मिळते, पण फूटभरही वाढू शकते; ती तळ्यातच बरी. नवख्यांनी दुहेरी शेपटीची, गुटगुटीत फॅनटेल निवडावी. ब्लॅक मूर देखणी खरी, पण तिला कमी दिसते. चपळ कॉमेटसोबत ती उपाशीच राहते. दुकानात तळाशी पर मिटून निपचित बसलेली मासोळी घेऊ नका. नीट सांभाळल्यास गोल्डफिश 10 वर्षेही जगते, तेव्हा टाकी कोण साफ करणार, हे आधीच ठरवा!