तीन दांड्यांमागचा गडी

गावात सामना लागला की पारावर माणसे जमतात. एकजण मोबाईल धरतो, बाकीचे त्यात डोकी घालतात. चौकार गेला की आरडाओरडा होतो. पण तिथे एक गडी प्रत्येक चेंडूला उठाबशा काढत असतो, त्याच्याकडे कोणी बघत नाही. त्याला विकेटकीपर म्हणतात. वर्तमानपत्रात यष्टिरक्षक असे छापतात. यष्टी म्हणजे काठी. मैदानात तीन दांड्या रोवलेल्या असतात, त्यांच्यामागे हा बसतो.

आपल्या जालन्याच्या विजय झोल याने २०११ साली एकोणीस वर्षांखालील मुलांच्या सामन्यात नाबाद ४५१ धावा काढल्या. ते पुष्कळांना ठाऊक आहे. फलंदाजाचे नाव असे लवकर पसरते. आज आम्ही सांगणार आहोत ते दांड्यांमागे बसणाऱ्या किरण मोरे यांच्याविषयी.

आधी त्यांचे काम समजून घेऊ. चेंडू कातड्याचा आणि टणक असतो. वजन सुमारे १६० ग्रॅम. जोरात आला तर बोट मोडते. म्हणून अडवणाऱ्या अकराजणांत हातमोजे घालायची मुभा फक्त यष्टिरक्षकाला आहे. कसोटी सामन्यात दिवसाला ९० षटके टाकायची असतात. एका षटकात ६ चेंडू. हिशेब करा, ५४० झाले. प्रतिपक्ष दिवसभर खेळला, तर तितक्या वेळा बसायचे आणि तितक्या वेळा उठायचे. खुरपणी करणाऱ्या बायांना हे लगेच कळेल. बाकीच्यांनी घरी करून पाहावे! चेंडू धरायचीही रीत आहे. झाडावर चढलेल्याने मोसंबी खाली टाकली, तर आपण हात ताठ धरत नाही. ताठ धरला तर मोसंबी उडून जाते. हात किंचित मागे न्यावा लागतो. इथेही तसेच.

बडोदे शहर गुजरातेत आहे. पण तिथे गायकवाडांचे राज्य होते, म्हणून पुष्कळ मराठी घरे तिथेच राहिली. त्या शहरात ४ सप्टेंबर १९६२ रोजी किरण मोरे यांचा जन्म झाला. अंगाने ते ठेंगणे. १९८०-८१ साली ते बडोद्याकडून रणजी करंडकाचे सामने खेळू लागले. तेव्हा वय अठराच्या घरात होते.

आता अडचण ऐका. भजनाला टाळकरी वीस असले तरी चालतात. मृदंग मात्र एकच. दुसरा कितीही चांगला वाजवो, त्याला मांडी घालून ऐकत बसावे लागते. संघातही यष्टिरक्षकाची जागा एकच असते. भारताच्या संघात १९७६ पासून त्या जागेवर सय्यद किरमाणी होते, आणि ते अव्वल दर्जाचे होते. १९८२-८३ साली संघ वेस्ट इंडिजला गेला. मोरे यांना राखीव म्हणून नेले. पाच कसोटी सामने झाले. पाचही किरमाणी खेळले. वीस वर्षांचा पोरगा सातासमुद्रापार गेला आणि कसोटीत एकही चेंडू न धरता परत आला.

दुसरा असता तर हिरमुसला असता. मोरे यांनी बॅट हाती घेतली. १९८३-८४ च्या रणजी सामन्यांत त्यांनी महाराष्ट्राविरुद्ध नाबाद १५३ आणि उत्तर प्रदेशाविरुद्ध नाबाद १८१ धावा काढल्या. या दुसऱ्या सामन्यात शेवटच्या गड्याला हाताशी धरून १४५ धावांची भर घातली. आमच्या मते ही खेळी त्यांच्या झेलांइतकीच मोलाची आहे.

तरी दार लगेच उघडले नाही. ५ डिसेंबर १९८४ रोजी पुण्यात इंग्लंडविरुद्ध एक दिवसाचा सामना खेळायला मिळाला. पण १९८५ मध्ये जागा सदानंद विश्वनाथ यांच्याकडे गेली, मग पुन्हा किरमाणींकडे. शेवटी जून १९८६ मध्ये लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर मोरे पहिली कसोटी खेळले. त्या मैदानावर भारत त्याआधी कधीच कसोटी जिंकला नव्हता, तो जिंकला. तीन कसोट्यांत मोरे यांनी १६ झेल घेतले. मग जागा त्यांची झाली.

त्यांचा मोठा पराक्रम जानेवारी १९८८ मधला, मद्रासचा. फलंदाजापुढे चुन्याची एक रेघ असते, दांड्यांपासून चार फुटांवर. चेंडू मारायला तो रेघेबाहेर आला आणि चुकला, की यष्टिरक्षकाने चेंडू धरून दांड्यांवरच्या गिट्ट्या उडवायच्या. डोळ्याचे पाते लवते तेवढाच वेळ मिळतो. याला यष्टिचीत म्हणतात. नरेंद्र हिरवाणी त्या दिवसांत नवा फिरकी गोलंदाज होता. मोरे यांनी त्या एका सामन्यात वेस्ट इंडिजचे ६ गडी असे टिपले, त्यांतले ५ एकाच डावात. तो जागतिक विक्रम झाला.

आणि चूक? तीही सांगितली पाहिजे. १९९० साली त्याच लॉर्ड्सवर ग्रॅहॅम गूच ३६ धावांवर असताना त्यांच्या हातून झेल सुटला. गूचने ३३३ केल्या. लोक तोच झेल अजून बोलून दाखवतात. सोळा धरलेले कोणाच्या ध्यानात नाहीत.

मोरे १९९३ पर्यंत ४९ कसोट्या खेळले. २००४ साली महेंद्रसिंह धोनी हा नवा यष्टिरक्षक भारताच्या संघात आला, तेव्हा निवड समितीचे अध्यक्ष मोरेच होते. ती एक जागा कोणाला द्यायची, हे ठरवणाऱ्यांत आता ते बसले होते.